गाय इम्युनिटी कमी पडून मेली नाही

परवा गंगाखेड तालुक्यातल्या एका पोराचा मेसेज आला, मोबाईलच्या तीन स्क्रीन भरतील एवढा. डेअरीचा डिप्लोमा केलेला पोरगा, घरी आठ जनावरं, त्यातली पाच एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन क्रॉस. मे महिन्यात दुसऱ्या वेताची एक गाय नवव्या दिवशी गेली. आधी ताप, मग खांद्यापुढच्या गाठी नारळाएवढ्या, शेवटी धाप लागून. रिपोर्ट थायलेरियाचा, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या परजीवीचा. त्याचं म्हणणं असं, की डॉक्टर काका, त्याच दावणीला आमची देशी देवणी गाय पण होती, तिच्या अंगावर तर गोचीड जास्त, तिला काहीच झालं नाही. सगळे म्हणतात एचएफची इम्युनिटीच कमी असते, दुकानदारानं इम्युनिटी वाढवायचं लिक्विड दिलं ते पण पाजलं. मग मी वाचलं की पेशीत कोणी घुसलं तर पेशी स्वतःलाच मारून टाकते. तसं असेल तर हा परजीवी पेशीत राहतो कसा, आणि ती पेशी मरत का नाही?

बाळा, गाय गेली त्याचं वाईट वाटलं. दुसऱ्या वेताची गाय म्हणजे घरातला कमावता माणूस. पण प्रश्न तू असला विचारलास की मला स्वतःला हा पडायला नोकरीची दहा वर्षं लागली, तोपर्यंत आपलं सुई टोचायची आणि पुढच्या गावाला जायचं एवढंच चालू होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

पेशी स्वतःला मारते हे तू वाचलंस ते खरंय. तुझ्या माझ्या अंगात आत्ता पण चालूच आहे ते. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी त्याला ॲपॉप्टोसिस असं नाव दिलं, ग्रीक शब्द आहे, अर्थ पानगळ. मला हे नाव लई आवडतं. फाल्गुनात आपला लिंब पानं टाकतो ते काही वादळानं पाडलेलं नसतं, झाडच देठापाशी पान सोडून देतं. पेशीचं तसंच. ती आधी आक्रसते, स्वतःचा डीएनए स्वतः तोडते, आपल्याच सामानाच्या लहान लहान पुड्या बांधते आणि बाहेरच्या पापुद्र्यावर एक खूण लावते, तिचा अर्थ "मला खाऊन टाका". शेजारच्या भक्षक पेशी येतात, पुड्या खातात, जागा साफ. सूज नाही, पू नाही, बाजूच्या पेशीला पत्ता पण लागत नाही. बेडकाच्या पिल्लाची शेपटी अशीच जाते.

दुसरं मरण म्हणजे फुटणं. मार लागला, विष लागलं, रक्तपुरवठा तुटला की पेशी फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि तिथं सूज, लाली, गळू. अजून एक तिसरं आहे, त्यात पेशीला आत चोर आलेला कळतो आणि ती मुद्दाम फुटते, म्हणजे आवाज होऊन फौज गोळा व्हावी. त्याला पायरॉप्टोसिस म्हणतात, नावातच आग आहे.

आता चोर घुसला तर पेशीनं मरायचं कशाला? शेजारच्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीला आग लागली तर आपण काय करतो, मधली आपलीच चांगली गंजी ओढून पांगवतो, तेवढी जाते पण गोठा वाचतो. तसा हिशोब आहे. जो परजीवी पेशीच्या आत राहतो त्याचं घर, चूल, बाळंतपण सगळं त्या पेशीतच. पेशीनं वेळेत मरून घेतलं तर तो उघड्यावर येतो, आणि उघड्यावर त्याला खायला बसलेले पुष्कळ.

पेशीनं स्वतः होऊन नाही केलं तर पोलीस येतात, किलर टी पेशी. ते दार फोडून आत बघत नाहीत. प्रत्येक पेशी आत काय काय बनतंय त्याचे नमुने दारावर टांगून ठेवते, टी पेशी फक्त तेवढं वाचते. नमुना परका दिसला की दाराला भोकं पाडून आत एक रसायन सोडते, ग्रॅन्झाईम, त्याचा अर्थ एवढाच की तू मर. पण नीट बघ, प्रत्यक्ष मरायचं काम पेशीच्याच आतल्या यंत्रणेनं करायचं असतं. पोलीस नुसता हुकूम देतो, दोर पेशीच्याच घरातला. म्हणजे आतल्या यंत्रणेत कोणी खुट्टी मारून ठेवली असेल, तर पोलिसाच्या हुकमाचा जोर पण तेवढाच कमी पडणार.

तुझ्या गायीत नेमकं हेच झालं.

थायलेरिया ॲन्युलाटा, आपल्याकडच्या गायीत जास्त करून हाच. आणणारा गोचीड हायलोमा जातीचा, लांब पायाचा, पायावर फिकट पट्टे असलेला, गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत राहणारा. हा गोचीड चावल्या चावल्या रोग देत नाही. त्याच्या लाळग्रंथीतला परजीवी पिकायला गोचीडानं दोन-तीन दिवस रक्त प्यावं लागतं, मग तो लाळेतून उतरतो. हे लक्षात ठेव, पुढं कामाला येईल. आणि ती लाळ पण साधी नसते. रक्त गोठू नये, खाज येऊ नये, फौज बोलावणारे निरोप मधेच अडवावेत, या सगळ्याची औषधं त्या लाळेत असतात, म्हणून तर गोचीड आठवडाभर चिकटून राहतो आणि गाय शेपटी पण हलवत नाही.

लाळेतून उतरलेला परजीवी पांढऱ्या पेशीत घुसतो. म्हणजे बघ, जी पेशी पोलीस खात्यातली, तिच्यातच. आत गेल्यावर पेशीनं त्याच्याभोवती गुंडाळलेला पडदा तो थोड्याच वेळात विरघळवतो आणि मोकळा होऊन बसतो. टॉक्सोप्लाझ्मासारखे दुसरे परजीवी आत गेले तरी स्वतःच्या पिशवीत दडून राहतात, हा पठ्ठ्या थेट स्वयंपाकघरात मांडी घालून बसतो. तिथं त्याचा शायझॉन्ट होतो, एकाच अंगात पुष्कळ केंद्रकं असलेला गोळा.

पेशीत एक स्विच असतो, एनएफ-कॅपा-बी म्हणतात. धोका आला की चालू होतो, काम झालं की बंद. चालू असतो तोवर पेशी मरण अडवणारी प्रथिनं बनवते, कारण लढाईच्या वेळी शिपाईच आधी मेला तर कसं व्हायचं. आता तुझ्या विहिरीवरच्या स्टार्टरला ऑटो लावलाय का? लाईट आली की मोटार आपोआप चालू, कोणी बटण दाबायची गरज नाही. हा परजीवी पेशीला तसला ऑटो बसवतो. तो स्विच दाबणारी जी यंत्रणा असते, आयकेके नावाची, तिचे भाग तो स्वतःच्या अंगावर गोळा करतो आणि तिथून स्विच कायम दाबून धरतो. हे २००२ मध्ये दाखवून दिलं गेलं. पेशीला चोवीस तास एकच निरोप, मरू नको, वाढ, मरू नको, वाढ. मरणाची यंत्रणा जागेवर असते, पण तिच्या पुढ्यात अडसर टाकलेला.

यात पण एक कमाल आहे. पेशी दोन होताना आत धाग्यांचा एक सांगाडा तयार होतो, तो गुणसूत्रं दोन्हीकडं ओढतो. शायझॉन्ट स्वतःला त्याच धाग्यांना बांधून घेतो. पेशीचे दोन तुकडे झाले की त्याचे पण दोन, दोन्ही लेकरांच्या वाट्याला एक एक. म्हणजे त्याला बाहेर पडायचं कामच नाही, प्रतिपिंडं बाहेर रक्तात कितीही फिरू दे, हा घरातल्या घरात वाढतोय. पेशी कॅन्सरसारखी वाढत सुटते आणि म्हणून त्या नारळाएवढ्या गाठी. एका एकपेशीय प्राण्यानं गायीची पेशी अशी अमर करून टाकायची, हे थायलेरियाशिवाय दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही.

स्लाईडवर हे दिसतं, थिअरी म्हणून सोडून देऊ नको. खांद्यापुढच्या गाठीत सुई घालायची, थेंबभर पाणी ओढायचं, काचेवर पसरायचं, मिथेनॉल, जिम्साचा रंग, तेल टाकून शंभरची लेन्स. मोठी मोठी पेशी दिसते, जांभळं केंद्रक, आणि त्याच्या शेजारी निळसर गोळा, त्यात लालसर जांभळे ठिपके, जांभळाच्या रसात खसखस पडल्यासारखे. त्यांना कॉखचे निळे गोळे म्हणतात, टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखनं आफ्रिकेतल्या जनावरांत बघितले होते. कधी कधी नशीब असलं तर नेमकी दुभंगत असलेली पेशी सापडते आणि तो निळा गोळा दोन्हीकडं ताणलेला असतो, पोळीची कणीक दोघांनी दोन बाजूंनी ओढावी तसा. मी पहिल्यांदा असली पेशी बघितली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या कंपाउंडरला बोलावून दाखवली होती. तो म्हणला, "साहेब, हे तर लई पद्धतशीर आहे ओ." पद्धतशीर हाच शब्द.

आणि बुपारवाक्वोन दिलं, ज्याला तुम्ही सगळे बुटालेक्स म्हणता, की परजीवी मरतो. परजीवी मेला की स्विच सुटतो, आणि इतके दिवस मरायचं थांबवून ठेवलेली ती पेशी वाढायची थांबते आणि मरून जाते. पानगळ परत सुरू. कॅन्सरसारखा दिसणारा आजार एका सुईनं उलटा फिरतो, हे दुसरीकडं सहसा बघायला मिळत नाही. २०१५ मध्ये अजून एक गोष्ट सापडली, परजीवी पिन-वन नावाचं एक प्रथिन पेशीत सोडतो, त्याचा पण वाढीच्या हुकमात हात आहे, आणि बुपारवाक्वोन त्याला पण जाऊन चिकटतं.

आता तू म्हणशील, मग इम्युनिटी काय करत होती? झोपली होती का? बाळा, इथंच सगळ्यांची गल्लत होते.

बिघडलेली पेशी मुळात पोलीस खात्यातलीच, म्हणून तिच्या हातात वायरलेस सेट आहे. ती गाठीत बसून आजूबाजूच्या टी पेशींना नुसते निरोप सोडत राहते, या या, भडका भडका. त्या भडकतात पण, ढिगानं वाढतात पण, पण नेमकं कोणाविरुद्ध ते त्यांना नीट शिकवलेलंच नसतं. गाठीत जिथं शांतपणे चांगली प्रतिपिंडं घडायची ती जागाच विस्कटते. सायटोकाईन स्टॉर्म हा शब्द कोरोनात घराघरात गेला ना, तसलाच प्रकार. टीएनएफ, आयएल-वन, आयएल-सिक्स असली ताप आणणारी, खाणं बंद करणारी, अंग झिजवणारी रसायनं ह्या बाधित पेशीच ओतत असतात. तुझ्या गायीला १०६ ताप होता, फुप्फुसात पाणी झालं, धाप लागली, त्यातला मोठा वाटा गायीच्याच फौजेचा. फौज कमी नव्हती, फौज चोरानं फिरवलेली होती.

आणि तुझ्या देवणीचं उत्तर पण यातच आहे. देवणीवर असले प्रयोग माझ्या वाचनात नाहीत, पण साहिवाल ह्या दुसऱ्या देशी जातीच्या आणि होल्स्टीन वासरांना एकाच वेळी सारखाच परजीवी टोचून बघितलेला आहे. साहिवालला पण लागण झाली, पण ताप कमी, रक्तातला परजीवी कमी, आणि ज्या डोसला होल्स्टीन आडवी पडली त्यातून साहिवाल वासरं उठली. पिढ्यानपिढ्या ह्याच परजीवीसोबत राहिलेल्या जातीनं भडकायचं किती ते शिकून घेतलंय. होल्स्टीनची पेशी जास्त जोरानं पेटते आणि त्यातच जळते. मी इकडं इतकी वर्षं देवणी आणि लाल कंधारी बघतोय, थायलेरियानं मेलेली माझ्या हाताखाली फार थोडी आली, त्यात पण बहुतेक वासरं. म्हणजे तुझी देवणी रोगापासून लांब होती असं धरू नको. तिच्या रक्तात तो आजही थोडा थोडा असू शकतो, तिचं रक्त पिऊन उतरलेला लहान गोचीड कात टाकून मोठा झाला आणि शेजारच्या एचएफवर चढला की झालं.

रक्तात कसा, ते पण सांगतो. काही दिवसांनी शायझॉन्टमधून बारीक बारीक पोरं बाहेर पडतात आणि तांबड्या पेशीत घुसतात. गायीच्या तांबड्या पेशीला केंद्रक नाही, म्हणून दारावर नमुने टांगायची सोय पण नाही. पोलिसाला वाचायला पाटीच नाही. बरी झालेली गाय वर्षानुवर्षं वाहक राहते ती अशी. आणि ह्या बिघडलेल्या तांबड्या पेशी प्लीहेत मोडल्या जातात म्हणून डोळ्याची आतली त्वचा पांढरी फटक, कधी पिवळी.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरी नवीन होती, मानवत रोडला एका आखाड्यावर रात्री दहाला गेलो. गाय धापत होती, ताप १०६ च्या वर, गायीचे मालक आप्पा म्हणाले, "डॉक्टरसाब, चाराच खाईना गेलीय, काय करावं कळंना गेलंय." मी छाती ऐकली, न्यूमोनिया ठरवला, अँटिबायोटिक आणि सोबत स्टेरॉईड. सकाळी फोन आला, ताप उतरला, गाय उठून उभी राहिली, दोन पेंढ्या कडबा खाल्ला. मला वाटलं जिंकलो. गाठीला हात लावून बघितला नव्हता मी, अंधारात कोण खांदा चाचपत बसणार. चौथ्या दिवशी गाय गेली. स्टेरॉईडनं भडका तेवढा दाबला, त्यासोबत जे थोडे पोलीस बरोबर काम करत होते त्यांचे पण हात बांधले, आणि परजीवीला मैदान मोकळं. आप्पांनी एक शब्द बोलला नाही, उलट गाडीत पेट्रोल टाकायला पैसे द्यायला लागले, ते जास्त लागलं. तेव्हापासून ताप असलेलं जनावर असलं की थर्मामीटरच्या आधी माझा हात खांद्यापुढं जातो.

सगळेच परजीवी पेशीला जिवंत ठेवतात असं मात्र नाही. आवेचा अमीबा, एन्टामिबा हिस्टोलिटिका, बरोबर उलटा. तो आत राहतच नाही, बाहेरून येऊन पेशीला चिकटतो आणि जिवंतपणीच तिचे लचके तोडतो, २०१४ मध्ये हे कॅमेऱ्यात पकडलं. एवढे लचके गेले की पेशी मरते, आणि तो मग पुढच्या पेशीकडं. आतड्याला जखमा पडतात, आव-रक्त पडतं, कधी तिथून लिव्हरला जाऊन गळू होतं. यात पण एक गंमत अशी, की त्याच्या हातून मरणारी पेशी बऱ्याचदा पानगळीसारखी नीट मरते, त्यामुळं फौजेला ओरड ऐकू जायला उशीर होतो.

मलेरियाचा परजीवी दोन्ही खेळतो. डास चावला की आधी तो लिव्हरच्या एका पेशीत जातो, तिथं वाढेपर्यंत तिला मरू देत नाही, वाढून झालं की तिला मारतो पण "मला खा" ही खूण बाहेर येऊ देत नाही. पेशी सुटी होते, तिच्याच पापुद्र्याची पिशवी करून हजारो पोरं रक्तात उतरतात, आणि लिव्हरमध्ये भक्षक पेशी रांगेत बसलेल्या असून त्यांना वाटतं हा आपलाच माणूस चाललाय. आग्र्याहून पेटारे बाहेर पडले तसं. डासाच्या पोटात हा परजीवी रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ ला बघितला तो सिकंदराबादला, म्हणजे आपण सगळे निजामाच्या राज्यात होतो तेव्हा आपल्याच दारात.

काळा आजाराचा लेश्मानिया इकडं आपल्याकडं नाही, बिहारकडं, त्याचं एक वाक्यात सांगतो. तो आधी अशा पेशीत शिरतो जी तशीही एक-दोन दिवसात मरणार असते, मग ती मेलेली पेशी भक्षक पेशी शांतपणे खाते आणि हा तिच्या पोटातून जाऊन तिथं संसार मांडतो.

सर्रा मात्र तू बघितला असशील, घोड्याला, म्हशीला, पावसाळ्यात चावऱ्या माश्या वाढल्या की. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, १८८० मध्ये इव्हान्स साहेबानं पंजाबात शोधला. हा पेशीत जातच नाही, उघड्या रक्तात पोहतो. मग पकडला कसा जात नाही? अंगावर एकाच प्रथिनाचा जाड कोट, आणि कपाटात तसले शेकडो. फौज एका कोटाची ओळख पटवून मारायला घेते तोवर काहींनी कोट बदललेला. म्हणून सर्रातला ताप चढतो उतरतो, चढतो उतरतो, आणि मालक म्हणतो बरं वाटायलंय. माणसाला हा सहसा होत नाही कारण आपल्या रक्तात एपीओएल-वन नावाचं प्रथिन असतं, ते ह्या परजीवीच्या पोटात जाऊन भोकं पाडतं. पण आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तो झाला होता, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, पुढच्या वर्षी कारण सापडलं की त्या माणसाच्या दोन्ही जनुकप्रती बिघडलेल्या, ते प्रथिनच नव्हतं. औषधानं तो बरा झाला. एक प्रथिन नाही तर गुरांचा रोग माणसाला, एवढंच अंतर आहे मधे.

आणि जंत. शेळ्यांच्या चौथ्या पोटातला हिमॉन्कस, लाल-पांढरा पीळ दिसतो तो, एक किडा दिवसाला ०.०५ मिली रक्त पितो, हजार असले तर ५० मिली, म्हणजे चहाचा अर्धा कप रोजचा. हा इतका मोठा की पेशीत मावणार नाही, म्हणून याची चाल वेगळी, तो फौजेलाच गुंगी देतो. जंतांच्या अंगातून सुटणारी रसायनं आपल्या शांतता समितीच्या पेशींना पुढं करतात, आयएल-टेन नावाचं शांत करणारं रसायन वाढतं, सगळे शांत व्हा, काही झालं नाही. ही गुंगी फक्त जंतापुरती राहत नाही, म्हणून लाळ्या खुरकूत असो की दुसरी कुठली, लस टोचायच्या आधी दोन-तीन आठवडे जंताचं औषध पाजा म्हणून आम्ही ओरडत असतो. गुंगीतल्या फौजेला लसीतलं शिकवून काय उपयोग.

आता सांग, ह्या सगळ्यात तुझं इम्युनिटीचं लिक्विड कुठं बसतं? थायलेरियात फौज आधीच भडकलेली, तिला अजून चढव म्हणायचं का? जंतात गुंगी दिलेली, ती जंत काढल्याशिवाय उतरत नाही. सर्रात फौज रोज नव्या कोटामागं पळायलीय. इम्युनिटी म्हणजे काय टाकीतलं पाणी आहे का, कमी झालं की भरायचं? दुकानदाराला शिव्या देऊ नको, तो त्याचा धंदा करतो, तुझ्यासारखे पन्नास जण येऊन मागतात म्हणून तो ठेवतो. मी पण आधी लिव्हर टॉनिक लिहून द्यायचो, मालकाला बरं वाटायचं. आता नाही देत. त्या पैशात एक स्लाईड आणि अर्धी सुई निघते.

राहिलेल्या चार एचएफचं बघ आता. रोज सकाळी ताप आणि खांद्यापुढची गाठ, दोन्ही बघून वहीत मांडायचं. गोचीड चिकटल्यापासून रोग दिसायला साधारण दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे मेलेल्या गायीसोबत ज्यांना लागण झाली असेल त्या अजून दिसायच्या असतील. १०४ च्या वर ताप आणि गाठ मोठी लागली की थांबायचं नाही, डॉक्टरला बोलवून आधी गाठीचं आणि रक्ताचं स्लाईड, मग बुपारवाक्वोन, किलोला अडीच मिलिग्रॅम, मानेच्या मांसात खोल, आणि गरज वाटली तर ४८ ते ७२ तासांनी परत. वजन अंदाजानं कमी धरून सुई वाचवू नको, अर्ध्या डोसानं अर्धमेले परजीवी राहतात आणि ह्या औषधाला दाद न देणारे थायलेरिया बाहेरच्या देशांत सापडलेले आहेत. पांढऱ्या फटक गायीला रक्त पण द्यावं लागतं. ऑक्सिटेट्रासायक्लीनवर दिवस काढू नको, रोग उभा राहिल्यावर त्यानं हे मरत नाही.

लस आहे, रक्षावॅक-टी. त्यात काय असतं माहितीये का, त्याच अमर झालेल्या पेशी. प्रयोगशाळेत इतके दिवस वाढवलेल्या की आतला परजीवी रोग द्यायचं विसरला, पण दारावरची पाटी तीच राहिली. पोलिसांना शांत वातावरणात पाटी वाचायला मिळते. द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, बाहेर काढली की लगेच टोचायची, म्हणून गावातले आठ-दहा जण मिळून एका दिवशी घ्या, एकट्यासाठी कोणी कंटेनर घेऊन येणार नाही. कालवडींना आधी. गाभण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

आणि तुझ्या फोटोत गोठ्याची मागची भिंत दिसतेय, दगड-मातीची, तुझ्या आजोबांच्या काळातली असेल. गायीच्या अंगावर नुसता फवारा मारून भागणार नाही, निम्मे गोचीड त्या भेगेत आहेत. दुपारी जनावरं बाहेर काढून भेगा खरवड, फ्लेमगन फिरव, आढ्याला कडबा लावलेला असेल तर सांभाळून, मग चुन्यात सिमेंट कालवून लिंपून घे. अंगावरचे गोचीड रोज संध्याकाळी हातानं वेच, कानात, कासेला, शेपटीच्या बुडाला. दोन-तीन दिवस रक्त प्यायल्याशिवाय तो परजीवी सोडत नाही हे वर सांगितलंय, म्हणजे रोज वेचलास तर त्याचं पिकायचंच राहतं. वेचलेले पायाखाली चिरडू नको, रॉकेल नाहीतर डिझेलच्या डबड्यात टाक. देवणीच्या अंगावरचे आधी काढ, एचएफच्या नंतर.

शनिवारी मी परभणीत आहे. दोन गायींचे गाठीचे स्लाईड काढून, वाळवून, कागदात गुंडाळून कोणाच्या तरी हाती पाठव, नाव आणि तारीख काचेच्या कडेला पेन्सिलनं लिही, पेननं लिहिलेलं मिथेनॉलमध्ये पुसून जातं.